पुस्तक घरी गेलं पाहिजे: गल्लीत उन्हाळी वाचन उपक्रम कसा सुरू करायचा

१ मेच्या सुमारास निकाल हातात पडतो आणि पहिली-दुसरीतल्या पोरांची छापील अक्षराशी जवळजवळ दीड महिना गाठ पडत नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते, तेव्हा मार्चमध्ये बऱ्यापैकी सलग वाचणारं मूल पुन्हा एकेक अक्षर लावत बसलेलं दिसतं. ज्या घरात गोष्टीची पुस्तकं असतात तिथं हे कमी होतं. ज्या घरात पाठ्यपुस्तक आणि भिंतीवरचं कॅलेंडर सोडून छापलेलं काहीच नसतं, तिथं जास्त. म्हणून या उपक्रमाचं काम मी एकाच वाक्यात सांगते: पुस्तक मुलाच्या घरी गेलं पाहिजे. गोष्टी, गाणी, चित्रं हे सगळं त्यासाठीच.

खरं तर वाचनाच्या बाबतीत आमच्या कोल्हापूरचा वारसा मोठा आहे. करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासून आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदासुद्धा १९४५ साली कोल्हापूर संस्थानातच झाला. पण सहा वर्षांचं पोर रिक्षा, केएमटीच्या बस आणि दुचाक्यांच्या गर्दीतून एकटं ग्रंथालयात जाऊ शकत नाही. त्यासाठी पुस्तकालाच गल्लीत यावं लागतं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत आम्ही काही जणी मिळून गेले सहा उन्हाळे हे करतोय. हा लेख चार ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी पहिल्यांदाच असं काही सुरू करणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी शिक्षक असावं लागत नाही. मोठ्यानं वाचायची लाज न वाटणारी दोन-तीन माणसं, एक खोली आणि थोडी पुस्तकं एवढ्यावर सुरुवात होते.

तारखा आणि वेळ

तयारी मार्चमध्येच सुरू करा. मार्चमध्ये जागा ठरवायची, एप्रिलमध्ये पुस्तकं जमवायची आणि निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी सुरू करायचं. एप्रिलमध्ये जोतिबाची यात्रा, परीक्षा आणि लग्नं एकावर एक येतात, त्यामुळं सगळंच तेव्हावर टाकलं तर माणसं हाताशी लागत नाहीत. चार आठवडे पुरेत. जून लागला की आईबाप वह्या-दप्तराच्या खरेदीत आणि प्रवेशाच्या धावपळीत असतात, त्याआधी आटोपतं घ्या.

रोज घेऊ नका. आम्ही सोमवार, बुधवार आणि शुक्रवार घेतो. रोज घेतलं की त्याची शाळा होते आणि वाचून दाखवणारी माणसं दुसऱ्या आठवड्यातच थकतात. मधला एक दिवस पुस्तक मुलाच्या घरी राहतं. तोच दिवस महत्त्वाचा आहे. आई भाकऱ्या करताना, आजी दुपारी आडवी झाल्यावर ते उघडलं जातं.

वेळ सकाळी ८ ते सव्वानऊ. पहिल्या वर्षी आम्ही दुपारी चारला सुरू केलं. मेमधला वळीव कोल्हापुरात बहुतेक दुपारनंतरच येतो. तिसऱ्याच दिवशी तो आला, पत्रा गळला आणि बावीस पुस्तकं भिजली. ती दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातली, पण पानं फुगली ती फुगलीच. संध्याकाळची वेळही नको, ती फुटबॉल आणि क्रिकेटची आहे. खेळ सोडून वाचायला यावं लागलं तर मुलाला पुस्तकाचा रागच येईल.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून टाका. मध्येच कोण गेलं, मध्येच कोण आलं, चालेल. सुट्टीत आपल्या गल्लीतली पोरं मामाच्या गावाला जातात आणि दुसरीकडची भाचरं आपल्या गल्लीत येतात. त्या भाचरांनाही नोंदवहीत घ्या, पुस्तकंही द्या. आठ दिवसांसाठी आलेलं मूलही वाचणारंच आहे.

जागा

कोल्हापुरात बहुतेक गल्लीला तालीम नाहीतर तरुण मंडळ असतंच. तिथं जाजम असतं, खुर्च्या असतात, पाण्याची सोय असते, आणि सकाळी व्यायाम आटोपला की हॉल मोकळा असतो. फोन करू नका. संध्याकाळी कट्ट्यावर मंडळी बसलेली असतात तेव्हा समोर जाऊन भेटा, तारखा कागदावर लिहून न्या, आणि शेवटच्या दिवशी जागा झाडून देऊ हेही सांगा. आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही. उलट पहिल्या वर्षीच वस्तादांनी विचारलं, ‘पोरांना बसायला सतरंजी पुरंल न्हवं?’

पण दोन गोष्टी आधी बघून घ्या. मुलींसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह जवळ आहे का? आणि गल्लीतल्या सगळ्या घरांतून मुली त्या जागी येतील का? काही घरांना तालमीत मुलगी पाठवायला अवघड वाटतं. असं असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा समाजमंदिर, देवळाचा मंडप, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र किंवा एखाद्या जुन्या घराचा सोपा, म्हणजे ओसरी, बघा. आमचे दोन उन्हाळे एका आजींच्या सोप्यात गेले. पंचवीस पोरं मावली, आणि आजी स्वतःही ऐकायला बसायच्या.

पुस्तकं किती आणि कुठून

एका मुलामागं तीन पुस्तकं धरा. एक घरी गेलेलं, एक हातातलं आणि एक निवडायला शिल्लक. वीस मुलांना साठ पुस्तकं. निवडायला काही उरलंच नाही तर मूल समोर येईल ते उचलतं आणि घरी जाऊन उघडतही नाही.

निम्मी पुस्तकं मोठ्या चित्रांची, पानाला एक-दोन ओळींची असू द्या. बाकीच्यांत थोड्या लांब गोष्टी, कविता आणि कोडी, प्राणी, यंत्रं, शरीर अशी माहितीची पुस्तकं. माहितीची पुस्तकं विसरू नका. गोष्टीत मन न रमणारी कितीतरी मुलं ट्रॅक्टर किंवा साप दिसला की तासभर हलत नाहीत.

नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य, प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तकं पातळ असतात आणि त्यातली बरीचशी परवडतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरच्या गोष्टी मोफत उतरवून छापायचीही परवानगी आहे. तिथं चार पातळ्या आहेत. पहिलीत अडीचशेपेक्षा कमी शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, चौथीत त्याहून जास्त. लहान मुलांसाठी पहिल्या दोन पातळ्या घ्या. सगळं रंगीत छापायला गेलात तर खर्च वाढतो, म्हणून दहा गोष्टी रंगीत छापून मध्ये स्टेपल मारा आणि बाकीचे पैसे छापील पुस्तकांवर घाला. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात. गोष्टी जरा मोठ्या मुलांच्या आहेत, पण कविता आणि कोडी लहानांनाही चालतात.

तुमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन महिन्यापुरती वीस-तीस बालपुस्तकं एकगठ्ठा मिळतील का ते विचारा. मुलांची यादी आणि एका जबाबदार माणसाची सही असलेला अर्ज सोबत न्या.

‘पुस्तकं द्या’ असं मोघम आवाहन मात्र करू नका. जुन्या गाईड, कोऱ्या डायऱ्या आणि बारीक टाइपातले जाड बोधकथासंग्रह यांची पोती येतात, आणि देणाऱ्याचं मन राखायचं म्हणून ती ठेवून घ्यावी लागतात. काय हवंय ते आधी लिहा: ‘चार ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची पुस्तकं, न फाटलेली.’ त्यापेक्षा चांगलं म्हणजे हव्या त्या पुस्तकांची यादी करून गल्लीतल्या दुकानदारांना, डॉक्टरांना एकेक पुस्तक घ्यायला सांगणं. आतल्या पानावर त्यांचं नाव लिहायचं.

कोल्हापुरात कन्नड, दखनी, हिंदी बोलणारी घरं आहेत, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कामाला आलेल्या बंगाली कारागिरांची मुलंही आहेत. ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट अनेक भाषांत सापडते. त्या मुलांसाठी मराठीबरोबर त्यांच्या भाषेतलीही प्रत काढा. घरी आईला वाचता आली पाहिजे, हेच आपलं काम.

सव्वा तास कसा घालवायचा

पहिली दहा-पंधरा मिनिटं पुस्तकं परत घेण्यात जातात. त्यातच प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारा, ‘कुणाला आवडलं घरात?’ ‘वाचलंस का?’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘हो’ एवढंच येतं.

मग वीस मिनिटं प्रकट वाचन, म्हणजे आपण मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. मग अर्धा तास मुलं जोडीनं किंवा एकटी वाचतात. शेवटी नवीन पुस्तक निवडायचं, नोंदवायचं आणि घरी. चित्र काढणं, नाटक करणं हे आठवड्यातून एकदा पुरे. हस्तकलेत वेळ फार जातो आणि फोटो छान येतात, म्हणून ती वाढत जाते आणि पुस्तकं कोपऱ्यात राहतात. हे आमच्याकडं दुसऱ्या वर्षी झालं.

प्रकट वाचनाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवीन माणसं इथंच घाबरतात. पुस्तक आदल्या रात्री घरी दोनदा मोठ्यानं वाचा. कुठं थांबायचं ते पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. वाचताना पुस्तक छातीशी धरू नका, बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, म्हणजे चित्रं सगळ्यांना दिसतात. मुलं अर्धवर्तुळात आणि तुम्ही खाली, त्यांच्याच जाजमावर. स्पीकर नको. हळू वाचा, तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या वेगानं. पान उलटायच्या आधी थांबा आणि विचारा, ‘आता काय होईल?’ उत्तर चुकलं तरी ‘नाही’ म्हणू नका, पान उलटा. उत्तर पुस्तकच देईल.

गोष्ट मध्ये थांबवून प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ सांगत बसू नका. एखाद-दुसरा सांगा, बाकीचे चित्रातून कळतात. आणि गोष्ट संपल्यावर ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. मुलं लगेच ‘खरं बोलावं, मोठ्यांचं ऐकावं’ म्हणतात आणि गोष्ट तिथंच मरते. त्यापेक्षा ‘परत वाचू का?’ असं विचारा. तेच पुस्तक चारदा वाचलंत तर चौथ्यांदा मुलं तुमच्याबरोबर म्हणायला लागतात, आणि ज्याला वाचता येत नाही ते मूल घरी जाऊन पान धरून ती ओळ म्हणतं. वाचनाची सुरुवात अशीच होते.

वाचणारी माणसं बदलत ठेवा. आमच्याकडं एका शुक्रवारी तालमीतला एक पैलवान आला. पुस्तक त्याच्या पंजात काडेपेटीएवढं दिसत होतं. एका उंदराची गोष्ट त्यानं इतक्या हळू आवाजात वाचली की पोरं सरकत सरकत त्याच्या मांडीशी गेली. पुढच्या सोमवारी मोठ्या मुलांची, विशेषतः मुलग्यांची संख्या वाढली. वाचन हे फक्त बाईंचं काम आहे असं मुलग्यांना फार लवकर वाटायला लागतं, ते मोडायला फुटबॉल खेळणारा दादा, रिक्षावाले काका, दूध घालणारे मामा यांना बोलवाच.

बोली सुधारू नका

मुलाला गोष्ट सांगायला लावली की ते आपल्या बोलीत सांगतं. ‘मग त्यो वाघ म्हटला, म्या न्हाई येत जा.’ सांगू दे. कोल्हापुरात मुलीसुद्धा ‘मी नेतो, मी वाचतो’ म्हणतात. एक मुलगी मला रोज म्हणायची, ‘काकू, मी ह्ये पुस्तक नेतो की.’ तिला ‘नेते म्हण’ असं एका उत्साही ताईंनी तीनदा सांगितलं. चौथ्या दिवशी तिनं बोट दाखवून पुस्तक मागितलं, तोंड उघडलंच नाही. तिला पुन्हा बोलती करायला आम्हाला आठवडा लागला. पुस्तकाची भाषा मुलाच्या कानावर पुस्तकातून पडतेच. सांगताना त्याची स्वतःची भाषा त्याच्याकडं राहू द्या.

ज्याला अजून वाचता येत नाही

गल्लीत तिसरी-चौथीतलं असं एखादं मूल निघतंच, ज्याला सलग वाचता येत नाही आणि ते तसं कुणाला कळूही देत नाही. ते दंगा करतं, पाणी प्यायला उठतं, नाहीतर जाड पुस्तक घेऊन नुसती पानं उलटतं. सगळ्यांसमोर त्याला कधीही वाचायला लावू नका.

आमचा उपाय साधा आहे. त्याला म्हणायचं, ‘बालवाडीतल्या ह्या दोघांना तुझ्याशिवाय कोण वाचून दाखवणार?’ आता पहिल्या पातळीचं, जोडाक्षरं नसलेलं पुस्तक हातात घेणं कमीपणाचं राहत नाही, ती जबाबदारी होते. त्याला ते पुस्तक आदल्या दिवशी द्या आणि तुमच्याबरोबर बाजूला बसून एकदा वाचा. दुसऱ्या दिवशी तो लहानांना वाचून दाखवतो. काही ओळी पाठ झालेल्या असतात, काही चित्रावरून असतात, काही खरंच वाचलेल्या. चालतं. तिसरीतला एक मुलगा चार आठवड्यांत असं अकरा पुस्तकं दोन लहानग्यांना वाचून दाखवून गेला. शेवटच्या आठवड्यात ‘क्ष’वर अडला तेव्हा त्यानं स्वतःहून येऊन मला विचारलं, आणि तेही सगळ्यांसमोर.

बाकीच्या मुलांना पुस्तक झेपेल का हे बघायला पाच बोटांचा हिशोब सोपा आहे. मधलं कुठलंही पान काढून वाचायला सांगायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर पुस्तक आत्ता अवघड आहे. तरी ते हट्टानं तेच मागत असेल तर द्या. घरी कुणीतरी वाचून दाखवेल.

नोंद, आणि फाटलेली पुस्तकं

दोनशे पानी वही पुरते. मुलाचं नाव, पुस्तकाचा नंबर, नेल्याची तारीख, आणल्याची खूण. ॲप नको, कार्ड नको. पुस्तकाच्या पाठीवर पातळीप्रमाणं रंगीत चिकटपट्टी लावा. मोठ्या मुलींकडं वही सोपवली तर त्या आपल्यापेक्षा नेटकी ठेवतात.

अनामत रक्कम घेऊ नका, दंड तर अजिबात नको. दंड ठेवला की गरीब घरातली आई पहिल्याच दिवशी सांगते, ‘नको बाळा, फाटलं तर कुठनं भरायचं?’ आणि जिथं पुस्तक जायला हवं होतं तिथंच ते जात नाही. साठातली पाच-सहा पुस्तकं दर वर्षी फाटतात, हरवतात, धाकट्या भावंडाच्या तोंडात जातात. तो खर्च सुरुवातीलाच धरा. आम्ही दर शुक्रवारी पुस्तकांचा दवाखाना भरवतो: चिकटपट्टी, कात्री, खळ, आणि फाटलेलं पुस्तक आणणारं मूलच डॉक्टर. तेव्हापासून फाटलेली पुस्तकं लपवली जात नाहीत.

बक्षिसाबद्दल

पहिल्या वर्षी आम्ही सर्वात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवलं. एक हुशार मुलगी दिवसाला चार पुस्तकं नेऊन परत करायला लागली. एकाही गोष्टीतलं तिला काही सांगता येईना. आणि हळू वाचणाऱ्या तिघांनी दुसऱ्या आठवड्यात येणं सोडलं. ती तीन मुलं आम्ही बक्षिसापायी घालवली, याची बोच मला अजून आहे.

आता आम्ही पताका लावतो. गणपतीत गल्लीवर लावतात तशा, रंगीत घोटीव कागदाच्या. एक पुस्तक घरी वाचून झालं की एक पताका, त्यावर पुस्तकाचं नाव, मुलाचं नाव नाही. घरात आजोबांनी वाचून दाखवलं असेल तरी पताका. माळ तालमीच्या दारापासून सुरू होते आणि गल्लीच्या टोकाला पोचवायची असते. ती कुठवर आली हे भाजी घ्यायला निघालेल्या बायकासुद्धा विचारतात.

सुरक्षितता

हे थोडक्यात, पण पक्कं ठेवा. खोलीत कायम किमान दोन मोठी माणसं. प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर आणि कोण न्यायला येणार हे वहीत लिहिलेलं. पाच वर्षांखालच्या मुलाबरोबर घरातलं कुणीतरी हवंच. फोटो काढायचे तर पालकांना विचारून, आणि मुलांचे चेहरे, नावं सगळीकडं टाकत बसू नका. माठातलं पाणी, दोन पेले, आणि उन्हाचा तडाखा असेल तर ताक.

शेवटचा दिवस आणि त्यानंतर

पाहुणे, हार, भाषणं यांच्या मागं लागू नका. शेवटच्या शुक्रवारी पालकांना बोलवा आणि मुलांना त्यांच्या घरच्या माणसाशेजारी बसून एक पुस्तक वाचू द्या. ज्यांना वाचता येत नाही अशा आया आणि आज्याही येतात, त्यांना मूल वाचून दाखवतं. कैरीचं पन्हं आणि चुरमुऱ्याचा चिवडा एवढ्यात कार्यक्रम होतो. जमलं तर प्रत्येक मुलाला एक पातळ पुस्तक कायमचं द्या, त्याच्या नावानिशी.

त्यानंतर पेटी बंद करून मंडळाच्या कपाटात ठेवू नका. गल्लीतल्या एका घरी ठेवा, जिथं दार दिवसभर उघडं असतं आणि मुलांना जायला संकोच वाटत नाही. आठवड्यातून एक वेळ ठरवा, रविवारी सकाळी म्हणा. वही तीच पुढं चालू.

आणि घर निवडताना पावसाळ्याचा विचार करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकडच्या पेठांतली कितीतरी घरं पाण्यात गेली, त्यात वह्या-पुस्तकंही गेली. तुमची गल्ली त्या पट्ट्यात असेल तर जून संपायच्या आत पेटी वरच्या मजल्यावर न्या. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ च्या जवळ येईपर्यंत थांबलात तर पुस्तकांकडं बघायला कुणालाच वेळ नसतो. आमची पेटी सध्या एका शिंपीकाकांच्या माडीवर आहे. मशीनच्या आवाजात पोरं जिन्यावर बसून वाचतात, आणि वही काकांच्या टेपाशेजारी टांगलेली असते.